नवसाचा नारळ आणि गिअरचा आवाज

गिअर बदलला की बॉनेटखालून 'खट्ट' असा आवाज यायचा आणि मी आरशात मागे बघायचे. मागे उशीला टेकून हे बसलेले असायचे. यांच्या किडन्या कामातून गेल्यापासून आठवड्यातून दोनदा तेलगावहून बीडला डायलिसिसला नेणं माझ्याकडे आलं होतं, आणि त्यासाठीच मी या वयात गाडी शिकले. एकदा खेप चुकली तेव्हा यांचं तोंड सुजलं, पाठ टेकली की दम कोंडायचा. तो श्वास ऐकल्यापासून मला एकच धाक होता, की गाडी वाटेत बंद पडली तर काय करायचं.

आवाजाचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, निदान तसं आम्ही धरून चाललो होतो. दुखणं लागलं तेव्हा यांनी परळीच्या वैजनाथाला नवस बोलला होता. उतार पडला की तुझ्या पायरीशी नारळ फोडीन, तोवर तो गाडीतून सुटणार नाही. लाल फडक्यात गुंडाळलेला तो नारळ यांनी स्वतः इंजिनाशेजारी तारेनं बांधला. पुढे आवाज सुरू झाला तेव्हा दीर म्हणाले, "वैनी, नारळच वाजतोय. आतलं खोबरं सुटलं आसंल." सगळ्यांना पटलं. गाडी गॅरेजात नेली तर मिस्त्री आधी नारळ सोडायला लावील, म्हणून नेलीच नाही. आवाजाला मी भीत होतेच, पण नारळ सुटला तर यांचं काय होईल या विचारानं त्याहून जास्त भीत होते.

त्या दिवशी आवाज आणखी वाढला होता. उसाचा हंगाम, रस्त्याला ट्रॅक्टर नि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. पहिला टाका, दुसरा टाका, पुन्हा पहिला. दर वेळी खट्ट. मागून हे म्हणाले, "नारळावर चिडलीस का माझ्यावर?" मला हसू आलं नाही. वडवणीच्या पुढे एक मोठा दणका बसला, गाडी हिसका देऊन थांबली आणि गिअर पडेना. दिरांना फोन केला तर ते माजलगावच्या बाजारात. ते येईपर्यंत दुपार झाली असती आणि खेप हुकली असती. यांचा श्वास आताच वर लागला होता. मला रडू फुटलं.

पुढच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उतरून आला. गमज्यानं तोंड पुसत म्हणाला, "रडू नका ताई. बॉनेट उघडा. गाडी चालू करून ब्रेक दाबून धरा, जोर लावून पहिला टाका, मग रिव्हर्स. क्लच थोडाच सोडा. म्या बघतो." मी तसं केलं. तो ओरडला, "बंद करा! गिअरचं काय न्हाई. इंजिनच उड्या मारतंय, म्हणून गिअर अडकतोय. ज्या रबरावर ते बसतंय ना, त्या फाउंडेशनचा वरचा बोल्ट गायब हाय. हे फडकं आड येतंय, सोडावं लागंल."

मी म्हटलं, "तो नवसाचा आहे." त्यानं हात झटकन मागे घेतला, नारळाला नमस्कार केला. "मग म्या न्हाई हात लावत. सोडायचा तर तुमीच सोडा."

मी यांच्याकडे पाहिलं. बोलायला दम नव्हता, फक्त मान हलली. ती हो म्हणून होती की नको म्हणून, मला अजून माहीत नाही. तारेला हात घातला. मनात म्हटलं, वैजनाथा, नवस यांचा आहे, सोडणारा हात माझा आहे. चुकत असेल तर माझ्याकडून वसूल कर, यांना हात लावू नकोस.

नारळ सुटला. फडक्याच्या घडीतून काहीतरी निसटलं आणि माझ्या पायाशी टणकन पडलं. बोल्ट होता.

"ह्योच की वो ताई!" ड्रायव्हर म्हणाला. "ढिला झाल्ता, आज निघाला. फडक्यात अडकला म्हणून घावला, न्हाईतर रस्त्यावर कुठं हुडकला आस्ता?" त्यानं ट्रॅक्टरमधून पाना आणला, पहारीनं इंजिन सरकवून बोल्ट बसवला, आवळला. "बीडात नवं रबर टाकून घ्या," एवढं सांगून तो गेला, कारण त्याच्या ट्रॉल्यांमागे हॉर्न वाजायला लागले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं.

बीडपर्यंत एकदाही आवाज आला नाही. यांना मशीन लागलं, श्वास हळूहळू खाली बसला. बाहेर बाकावर मी नारळ मांडीवर घेऊन बसले. मग कानाशी धरून हलवला. गच्च होता. खोबरं सुटलंच नव्हतं, तो कधी वाजलाच नव्हता. इतके दिवस आम्ही ज्याला बोल लावला, त्यानंच आमची वस्तू पदरात धरून ठेवली होती. मी पदरात तोंड घालून रडले.

याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. हे अजून बरे झालेले नाहीत आणि माझी भीतीही गेलेली नाही. नारळ आता देवघरात आहे, नुसता ठेवलेला. पुन्हा गाडीत बांधायला मी तार उचलली होती, तर हेच म्हणाले, "राहू दे. त्याला बांधून ठेवणारे आपण कोण?"

उद्या पुन्हा बीड आहे. नवं रबर टाकून घेतलंय. आवाज येणार नाही, तरी दर गिअरला मी वैजनाथाचं नाव घेईन.