पाय आईचा, सही माझी

त्या फॉर्मची आठवण आली की आजही माझं डोकं तापतं, आणि ते माझ्याच मानेवर असल्यामुळे ओरडायचं कोणावर, ते कळत नाही.

आईच्या घोट्याजवळची जखम वर्षभर भरत नव्हती. डॉक्टर कडेची खराब कातडी कापणार होते. माझी लेक म्हाताऱ्या पेशींवर संशोधन करते. या पेशी वाढणं सोडतात, पण मरत नाहीत. बसल्या जागी शेजारच्यांना बिघडवतात. अशा जखमेभोवती त्या ठाण मांडतात म्हणे. ताजा तुकडा त्याच दिवशी एका द्रावणात ठेवला की त्या निळ्या दिसतात. हे ऐकून आई माझ्याकडं पाहत म्हणाली, "असा एक आपल्या घरीच बसून हाय." नातीच्या संशोधनाला आपला तुकडा द्यायला मात्र ती इतकी खूश की रायपूरच्या आमच्या चौबे कॉलनीतल्या चार घरी फोन करून झाले.

ऑपरेशनच्या सकाळी लेकीची सहकारी संमतीचा फॉर्म माझ्या हाती देऊन, आजींना समजावायला पाच मिनिटांत येते म्हणून गेली. तेवढ्यात नर्स आईला न्यायला आली. मी घाईत स्वतःच सही ठोकली. गॅसच्या कनेक्शनपासून सगळीकडे आईच्या सह्या मीच करतो. हात आपोआप चालला.

तुकडा बर्फाच्या डब्यात बाहेर आला. लेकीनं फॉर्म पाहिला. "पापा, ये नहीं चलेगा. आजी का साइन चाहिए था, पहले."

मी भडकलो. नुसता पायच बधिर केलाय, आत्ता घे सही, कोण बघतंय, असं कॉरिडॉरभर सुनावलं. आधीची संमती नंतर घेता येत नाही, एवढंच ती म्हणाली. तुकडा टाकून द्यावा लागला.

संध्याकाळी आईला कळलं. "पाय माझा, अन् सही तुझी? मले काहून नाही विचारलं? मी का मेली होती?"

तुला त्रास नको म्हणून, असं मी म्हणालो. नसतो म्हणालो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चष्मा लावून अख्खा फॉर्म वाचला, लेकीला दोन ठिकाणी अडवून विचारलं, आणि जखम भरली नाही तर डॉक्टर पुन्हा कापणार होते, त्या तुकड्यासाठी सही केली. महिन्याभरानं डॉक्टर पट्टी सोडून हसले. जखम भरत आली होती.

"म्हणजे आता तुकडा नाही निघणार?" आईनं विचारलं.

परतताना ती माझ्याकडं पाठ करून बसली. जखम बरी होतेय म्हणून चिडलेली माणसं त्या दिवशी रायपुरात बहुधा दोनच असतील, आणि दोन्ही एकाच ऑटोत.