राधाकिशन अण्णांची थांबायची अट

घाटनांदूरच्या पंचक्रोशीत कुणाकडे कार्य निघालं की आचाऱ्याच्या आधी राधाकिशन अण्णांना निरोप जायचा. स्वयंपाक कुणीही करील, पण वाढायला अण्णा पाहिजेत. धोतराचा सोगा कमरेला खोचून, बुंदीची बादली डाव्या हाताला अडकवून अण्णा पंगतीत शिरले की नवे पाहुणे मांडी सावरून बसायचे. जुने जाणते आदल्या दिवसापासूनच हात आखडता घेऊन जेवायचे. पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून माणूस 'नको नको' म्हणत ओणवा झाला, तरी अण्णा बोटांच्या फटीतून बुंदी सोडत. एका व्याह्यानं पत्रावळ उचलून पाठीमागं लपवली, तर अण्णांनी वळसा घालून पाठीमागं जाऊन वाढलं.

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. पहिलं नको लाजेचं. दुसरं नको रीतीचं. तिसरं नको ढेकर आल्याचं, आणि ढेकर आलेल्या माणसाला अजून चार घास सहज जातात. म्हणजे खरंखुरं नको असं जगात काही नसतंच. या शास्त्रावर त्यांची पन्नाशी उलटली, साठी जवळ आली. गावानं त्यांना कधी अडवलं नाही, कारण अडवणाऱ्याच्या ताटात जास्त पडायचं.

अडचण एवढीच होती की अण्णा हे शास्त्र पंगतीबाहेरही चालवत.

त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा शिकली, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. सुरुवातीला रोज फोन व्हायचा. अण्णा विचारायचे, जेवलीस का. ती हो म्हणायची. मग विचारायचे, कधी येतीस. ती म्हणायची, या महिन्यात नाही जमणार. इथं दुसऱ्या बापानं फोन बायकोकडे दिला असता. अण्णांनी बादली उचलली. असं कसं, ये की. दोन दिवस ये. एक दिवस ये. सकाळी येऊन संध्याकाळी जा. ती नाही म्हणत राहायची, हे वाढत राहायचे, आणि शेवटी 'अण्णा, मीटिंग आहे' म्हणून ती फोन ठेवायची. हळूहळू तिचे फोन आईच्या, म्हणजे बायनाबाईंच्या मोबाईलवर यायला लागले, तेही अण्णा शेतात असतील अशी वेळ साधून. एकदा अण्णांनी तो फोन हातातून घेऊन, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तू तिथं दिवसभर काय करतीस ते तरी सांग."

"तुम्हाला नाही कळणार, अण्णा," ती म्हणाली. रागानं नाही, थकून म्हणाली. तेच जास्त लागलं.

अण्णा दोन दिवस गप्प होते. जे त्यांना ओळखतात त्यांना ही बातमी किती मोठी होती ते कळेल. घरात एकच लेक, आणि तिच्याशी बोलायला आपल्याकडे जेवलीस का आणि कधी येतीस यापलीकडे काही नाही, हे त्यांना त्या दोन दिवसांत उमगलं आणि फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले.

बस स्टँडजवळ खताच्या दुकानाच्या माडीवर बद्रीनाथ मास्तरांची लेक तेजश्री कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. अण्णांनी चपला खाली पायरीशीच काढल्या, वर जाऊन कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि आमची ऋतुजा जे करती ते मला शिकव म्हणाले. तेजश्रीनं समजावलं की त्याला काही वर्षं लागतात. आधी टाइप करायला शिका, पत्र लिहायला शिका. अण्णा नको म्हणाले. तिनं पुन्हा सुचवलं, अण्णांनी पुन्हा नको म्हटलं, आणि त्यांचं नको मात्र पहिल्या झटक्यात खरं असायचं. शेवटी बारावीच्या पोरापोरींच्या रांगेत त्यांना एक खुर्ची मिळाली.

पहिला धडा सोपा होता. कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते, त्याला एकेक पायरी सांगावी लागते, असं सांगून तेजश्रीनं सगळ्यांना चहा करण्याच्या पायऱ्या लिहायला लावल्या. पोरांनी पातेलं, पाणी, साखर, गॅस असं लांबलचक लिहिलं. अण्णांनी एकच पायरी लिहिली: बायनाबाईला हाक मारा.

तेजश्रीनं हसू दाबून सांगितलं की कॉम्प्युटरकडे बायनाबाई नसते. अण्णांनी त्या यंत्राकडे पहिल्यांदा दयेनं पाहिलं. घरी येऊन ही गोष्ट त्यांनी बायनाबाईंना सांगितली, आणि कौतुक होईल म्हणून थांबले. बायनाबाई म्हणाल्या, आज चहा तुमीच करा मग, पायऱ्या कळतील. तो चहा अण्णांनी एकट्यानं प्यायला.

पण माणूस चिकट. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी कळफलक काबीज केला. आज्ञा म्हणजे काय ते समजलं. अट म्हणजे काय तेही समजलं: असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर. मग लूप आला. एकच काम पुन्हा पुन्हा करत राहायचं, याला लूप म्हणतात, असं तेजश्री म्हणाली तेव्हा अण्णा खुर्चीत पुढं सरकले. हे तर आपलंच काम. जन्मभर दुसरं केलंय काय?

तिनं प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या कामाचा लूप लिहून आणायला सांगितलं. अण्णांनी अर्थात पंगत लिहिली. पडद्यावर प्रश्न यायचा, 'बुंदी वाढू का?' हो लिहिलं की 'वाढली' असं उत्तर यायचं आणि पुन्हा प्रश्न. दोन दिवस खपून, चार ठिकाणी चुका काढून घेऊन, अण्णांनी तो चालता केला. मग छाती काढून तेजश्रीला म्हणाले, बसा मॅडम पंगतीला. क्लासात ते तिला मॅडम म्हणत. जिन्याखाली उतरले की ती पुन्हा तेजू व्हायची.

तेजश्रीनं दोनदा हो लिहिलं. बुंदी वाढली गेली. मग तिनं नको लिहिलं.

पडद्यावर आलं, 'असं कसं, थोडी घ्या. वाढली. बुंदी वाढू का?' तिनं पुन्हा नको लिहिलं. पुन्हा तेच. पोरं मागं गोळा झाली. तेजश्री नको लिहीत राहिली, अण्णांची बुंदी येत राहिली, पडदा भरून वर सरकायला लागला. अखेर तिनं प्रोग्रामची खिडकीच बंद करून टाकली, तेव्हा अण्णांचा चेहरा उतरला. भरल्या ताटावरनं पाव्हण्याला उठवलं तुमी, असं त्यांनी तिला सुनावलं.

"काका, तुमच्या लूपला थांबायची अटच न्हाई," तेजश्री म्हणाली. "माणूस नको म्हणायलाय, तरी का म्हणून वाढायलाव?"

अण्णांनी तिला लाजेचं, रीतीचं आणि ढेकरेचं नको समजावून सांगितलं. पहिल्या नकोला थांबलं तर अर्धं गाव उपाशी उठंल, असा इशाराही दिला. तेजश्रीनं वाद घातला नाही. तिनं प्रोग्राम पुन्हा सुरू केला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि सांगितलं, आता पाव्हणे तुमी. खिडकी बंद करायची न्हाई, उठायचं न्हाई. नको म्हणून सुटून दाखवा.

अण्णा हसत बसले. एका बोटानं नको लिहिलं. थोडी घ्या. नको. थोडी घ्या. त्यांचं टायपिंग असं की एक नको लिहायला घाम यायचा, आणि समोरून उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. पोरं गालातल्या गालात हसत होती. अण्णांचं हसू आधी गेलं, मग मान ताठ झाली, मग कानशिलं तापली. म्हणावं तरी काय याला? आपण जे म्हणतो ते समोरचा ऐकतच नाही. त्याला आपल्या नकोशी काही देणंघेणंच नाही, त्याला फक्त वाढायचंय. लिहिता लिहिता त्यांचं बोट मध्येच थांबलं. ऋतुजाला फोनवर असंच होत असेल, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं, आणि आपल्याच बुंदीची त्यांना शिसारी आली.

"मॅडम, ती अट कुठं लिवायची असती?" त्यांनी हळूच विचारलं.

तरीही पहिल्या नकोला थांबणं त्यांच्या जिवावर आलं. तेजश्रीशी बरीच घासाघीस झाली आणि तोड निघाली: पहिलं नको लाजेचं धरून एकदा पुन्हा विचारायचं, दुसऱ्या नकोला थांबायचं. अण्णांनी तशी अट लिहिली. पडद्यावर 'बरं, पंगत उठली' असं आलं आणि यंत्र शांत झालं.

पुढच्याच आठवड्यात गावात एक लग्न निघालं. अण्णांनी बादली उचलली आणि प्रोग्राम पंगतीत चालवला. एकदा विचारायचं, नको आलं की आणखी एकदा, दुसरं नको आलं की पुढं. लोकांना वाटलं, बुंदी कमी पडली. वधूपित्याला वाटलं, अण्णा रुसले. हनुमान नावाचा त्यांचा जुना मित्र, जो दर पंगतीला पाच-सहा वेळा नको म्हणून पोटभर खायचा, तो रिकाम्या पत्रावळीसमोर बसून राहिला.

"आरं, अजून एकदा विचारशील म्हणून नको म्हणलतो की मी," तो कळवळून म्हणाला.

अण्णांनी त्याला सांगितलं की हो म्हणायचं असंल तर हो म्हणावं, आता अट बदललीय. हनुमाननं उरलेल्या मंडपाला हळू आवाजात विचारलं की याला काही झालंय का.

लग्नातली परीक्षा खरी नव्हतीच. खरी परीक्षा येळवशीची होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळा गाव शेतात जेवायला जातो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवायचं. त्या दिवशी लेक घरी नसणं अण्णांना सोसत नसे. गेल्या वर्षी याच बोलण्यावर ऋतुजानं फोन ठेवला होता आणि महिनाभर केला नव्हता. या वेळी काही वेडंवाकडं झालं तर ती आईलाही फोन करायची बंद होईल, अशी अण्णांना मनातून धास्ती होती.

येळवशीच्या आधी एका संध्याकाळी ताट वाढलेलं असताना त्यांनी स्वतःच फोन लावला. बायनाबाई चुलीपाशी भाकरी थापायच्या थांबल्या.

"येळवशीला ये," अण्णा म्हणाले.

"नाही जमणार, अण्णा. काम आहे."

"बघ जमलं तर. तुझी आई उंडे करणाराय."

"नको, अण्णा. खरंच नाही जमणार." तिचा आवाज कडक झाला. पुढचं काय येणार ते तिला पाठ होतं.

अण्णांच्या जिभेवर तिसरं आलंच होतं. एक दिवस ये. सकाळी येऊन संध्याकाळी जा. त्यांनी ते गिळलं.

"बरं," अण्णा म्हणाले.

पलीकडे तिसऱ्या आग्रहाची वाट बघणं चाललं होतं. मग ऋतुजानं विचारलं, ऐकू येतंय ना. येतंय की, अण्णा म्हणाले. मग पुढं बोला, ती म्हणाली.

"पुढं काय न्हाई. दुसऱ्यांदा नको म्हणलीस. थांबलो."

तिनं घाबरून विचारलं, तब्येत बरी आहे ना, आईला फोन द्या. तेव्हा अण्णांना सगळं सांगावं लागलं: तेजश्रीचा क्लास, चहाची एक पायरी, न थांबणारी बुंदी, हनुमानची रिकामी पत्रावळ. ऋतुजा आधी खुदकन हसली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. हसणं ओसरल्यावर तिनं आपणहून सांगितलं की ती स्वतः कंपनीत हेच करते; दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालवून बघायचे, कुठं अट चुकलीय, कुठं अडकतंय ते शोधायचं.

"म्हंजी वाढपी नीट वाढायलेत का ते बघायचं," अण्णा म्हणाले.

"तेच की," ती म्हणाली, आणि पुण्यात अर्धी पुसलेली तिची घरची बोली तिच्या तोंडात परत आली. "अण्णा, तुमचा फोन आला की मी आधीच नको ठरवूनच उचलायचे. तुमी दुसरं काय विचारतच न्हवता."

अण्णांनी नुसतं हूं केलं. मग तिनं तिच्या ऑफिसातल्या एका भांडणाची गोष्ट काढली, जी तिनं आईलाही सांगितलेली नव्हती. बायनाबाईंनी इकडून ताट खणकन पुढं सरकवलं. भाजी निवत होती. भांड्याचा आवाज ऋतुजाला ऐकू गेला असावा.

"जेवलात का, अण्णा?"

"न्हाई अजून."

"आधी जेवा मग. नंतर बोलू."

"नको. तू बोल."

"असं कसं, जेवा की दोन घास."

"नको," अण्णा म्हणाले.

बायनाबाईंनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.

"बरं," ऋतुजा म्हणाली, आणि पुढं बोलत राहिली.