धनगराला विचारलेला प्रश्न

संत बार्बरेचा सण मार्गशीर्षात येतो. आम्ही श्रीमंतांच्या तोफखान्यातले ख्रिस्ती गोलंदाज तिला फार मानतो. तोफेच्या दारूजवळ वावरणाऱ्या माणसाला अवचित मरणापासून तीच राखते, असा आमचा भाव आहे. आमची मंडळी मूळची वसईकडची. पाद्री पुण्याला वर्षातून एखादाच फेरा करीत, म्हणून सणाच्या दिवशी तिची कथा सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. खोटं कशाला बोलू, मी ती चांगली सांगत असे. लग्नाला नकार देणारी लेक, तिला बुरुजात कोंडणारा श्रीमंत बाप, बुरुजाला दोन खिडक्या असताना पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तिने पाडून घेतलेली तिसरी खिडकी, मग ती ख्रिस्ती झाल्याचं कळून बापाने उपसलेली तलवार आणि तिचं पळणं. बाप आला की मी मिशा पिंजारून डोळे फिरवी. पोरं किंचाळत, बायका बोटं मोडत. त्या बापाला बारा वर्षं मी मनापासून शिव्या दिल्या. तेराव्या वर्षी सण आठ दिवसांवर आला असताना मी माझ्याच लेकीला माडीवर कोंडून कुलूप घातलं होतं.

लेकीचं नावही बार्बरा. घरात बाबी म्हणतात. सोळा वर्षांची, आणि बोलायला आईवर गेलेली. आमच्या जमादारांनी तिला मागणी घातली होती. ते बिजवर होते, चाळिशी उलटलेले, पण माणूस वजनदार. सोयरीक झाली असती तर माझ्या हाताखाली दोनाच्या चार तोफा आल्या असत्या. तिचं भलं पाहतो आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि मनात तोफा मोजत होतो. हे लिहिताना आजही मान खाली जाते. बाबी एवढंच म्हणाली, "बाबा, त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. लग्नानंतर काय म्हणू?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मला राग आला. हो म्हणेस्तोवर माडीवरच राहा, असं सांगून मी किल्ली कनवटीला लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तोफखान्यातून परतलो तर माडीचं कुलूप उघडं लोंबत होतं आणि आत कोणी नव्हतं. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. मी ओरडलो, "कुठे गेली ती?" तिने मान वर केली नाही. "पाय आहेत तिला, त्यांच्यावरच गेली असेल. हात धुऊन घ्या, भाकरी निवते आहे."

मी संत बार्बरेच्या तसबिरीपुढे गेलो आणि म्हणालो, "आई, माझी लेक माझ्या हाती दे." ते शब्द उच्चारले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शंका आली की आपलं इथे कोणी ऐकणार नाही. जी स्वतः बापापासून पळाली, ती कुठल्या बापाला मदत करील? तरी वेताची छडी उचलून निघालो. शेजारणीने सांगितलं की बाबी खराडीच्या ताकवालीबरोबर नागझरीचा ओढा ओलांडून पूर्वेला जाताना दिसली. दोन-अडीच कोस मी जवळजवळ धावलोच.

खराडीच्या शिवारात जोंधळा पुरुषभर उंच उभा होता, कणसं नुकती निसवली होती. बुधवार पेठेत उतरलेल्या एका अरमनी सौदागराने मागे आम्हांला सांगितलं होतं की त्याच्या मुलखातही हीच संत पूजतात, आणि तिकडे लोक म्हणतात की ती पळत असताना पेरलेला गहू एका क्षणात वाढून तिच्यामागे उभा राहिला. म्हणून तिच्या सणाला ते गहू शिजवून वाटतात. मला तेव्हा हे काहीच आठवलं नाही. बांधाशी एक म्हातारा धनगर मेंढ्या चारत होता. मी विचारलं, "एक मुलगी इकडून गेलेली पाहिलीस का?"

"पोरगी? न्हाई बा," तो म्हणाला. "मेंढी हरवली आसंल तर बोला. मेंढ्या लई हायत."

पण जोंधळ्याकडे न बघण्याची तो फारच काळजी घेत होता. मी छडी उगारली, दात खाल्ले आणि पुन्हा विचारलं, "खरं सांग, माझी मुलगी इकडून पळाली ना?"

आणि माझाच आवाज माझ्या कानांवर आला. बारा वर्षं सणाला मी याच आवाजात, असेच दात खाऊन, हेच वाक्य म्हणत आलो होतो. कथेतला बाप वाटेत दोन धनगरांना हेच विचारतो. एक सांगत नाही, दुसरा बोट दाखवतो. पुढे बाप स्वतःच्या हाताने लेकीचा शिरच्छेद करतो आणि वीज पडून मरतो. मी वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं, तरी मी मान आत ओढली. छडी टाकली आणि मी ढेकळांत गुडघे टेकले.

"बाबा रे," मी धनगराला म्हणालो, "पाहिली असलीस तरी मला सांगू नकोस."

"मी कुठं सांगतोय?" तो म्हणाला.

मग जोंधळ्याकडे तोंड करून मी मोठ्याने बोललो, "बाबी, जमादारांना मी आजच नकार कळवतो. तुला वाटेल तेव्हा घरी ये. मी शोधणार नाही." पानं सळसळली, एवढंच. मी उठलो आणि पुण्याकडे वळलो. मागे न पाहता चालणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. पाऊलभर जाई आणि वाटे, वळावं, शेतात घुसावं, हात धरावा. मी म्हणत गेलो, आई, आता तूच बघ. बांध संपेपर्यंत दुसरी प्रार्थना सुचली नाही.

"बाबा," मागून आवाज आला, "आणि तिसरी खिडकी?"

माडीला दोनच खिडक्या होत्या. संत बार्बरेसारखी तिसरी पाडा म्हणून बाबी वर्षभर मागे लागली होती. मी न वळता म्हणालो, "पूर्वेला पाडू." तेव्हा कुठे पावलं जवळ आली. तिच्या केसांत जोंधळ्याचा तुरा अडकला होता, आणि मागून धनगर ओरडत होता, "अवो, छडी ऱ्हायली! मेंढ्यांना ठिवू का?"

घरी आल्यावर कळलं की मी झोपलो असताना बायकोने कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं, ते कडीत नुसतं अडकवून ठेवलं आणि किल्ली पहाटे परत लावून ठेवली होती. कथेत पळणाऱ्या संत बार्बरेला वाट द्यायला खडक दुभंगतो. आमच्या घरी तेवढी तोशीस देवाला पडली नाही.

सणाला धनगरालाही बोलावलं. आम्ही त्या वर्षी प्रथमच गव्हाची खीर केली. तो दोन द्रोण खाऊन कथा ऐकत बसला. बापाशी आल्यावर मी मिशा पिंजारल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. दुसऱ्या धनगराने बोट दाखवलं, असं म्हणताच आमचा म्हातारा उसळला. "त्यो आमच्यातला नसंल!" सगळी वस्ती हसली, मीही हसलो.

माझ्या हाताखाली अजून दोनच तोफा आहेत. जमादार बरेच दिवस बोलले नाहीत, आता बोलतात. लेक माझ्या हाती दे, असं मी मागितलं होतं; ती हाती आली नाही, घरी आली. सकाळी तिसऱ्या खिडकीतून ऊन जिन्यापर्यंत उतरतं. वरून बाबी हाक मारते, "बाबा, वर या, बघा तरी!" मी वर जातो. दाराला आता कडीसुद्धा नाही, तरी आधी विचारतो, येऊ का?