हेडमास्तरांचे वीस हजर

आमचे हेडमास्तर सांगतात, तीस वर्षं शिकवतोय. मी शाळेची शिपाईबाई, मी सांगते, तीस वर्षं खुर्ची गरम केली! हजेरीला नाव पुकारायची भानगडच नाही. डोळे वर्तमानपत्रात, हात हजेरीपटावर, वरून खालपर्यंत सगळे हजर. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद, असा वरचा हुकूम. म्हणून आमचे वीस कधी हललेच नाहीत.

त्यातली विसावी त्यांची स्वतःची नात. ती रोज पिवळ्या बसने शहरातल्या खाजगी शाळेत जाते. आणि हे गृहस्थ दारोदार सांगत फिरतात, "पोरं आपल्याच शाळेत घाला!" लाज म्हणून काही असते की नाही?

माझी लेक त्याच पटावर, चौथीत. मला सगळं दिसत होतं, पण शाळा गेली तर माझी नोकरीही जाणार. मीही तोंड शिवून बसले, खोटं कशाला बोलू?

परवा तपासणीला साहेब आले. नातीला आमचा गणवेश चढवून पहिल्या बाकावर बसवलेलं. साहेबांनी धडा काढून दिला, तिने घडाघडा वाचला. साहेब खूश! मग त्यांनी माझ्या लेकीला उभं केलं. ती पहिल्याच ओळीत अडकली. बोट पुस्तकावर, डोळे माझ्याकडे. मी दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभी.

हेडमास्तर हसून म्हणाले, "ती जरा मठ्ठच आहे, साहेब. आमच्या शिपाईबाईची ना!"

अंगाची नुसती लाही लाही झाली. साहेबांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला, चहा प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली, झाडली आणि त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले. "लेकीचा दाखला द्या. पलीकडच्या गावच्या शाळेत घालते. तिथल्या बाई शिकवतात म्हणे."

"अगं, एकोणीस होतील! शाळेला कुलूप लागेल. माझी बदली होईल, पण तू घरी बसशील. डोकं फिरलंय का तुझं?"

"बसेन घरी. तुम्ही दाखला लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग कुरकुरत दाखल्यांचं पुस्तक ओढलं, पेनाचं टोपण काढलं. चार वर्षं रोज तिला हजर मांडणाऱ्या त्या माणसाने चष्म्यावरून मला विचारलं,

"नाव काय मुलीचं?"