नळीवरचं नाव

रक्त काढण्यात सुईमास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. सदतीस वर्षं लॅबमध्ये त्यांनी तेच काम केलं. पेशंट कण्हला, की ते डाफरत, "मुंगी चावल्यावरही असंच ओरडता का हो?" तोच हा शूर गडी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला लटलट कापत गेला. आत नेताना नर्सचा हात काही सोडेना. पुढं घरात कुणी हा विषय काढला, की मास्तरांना लगेच तहान लागायची.

गुडघा बदलल्यावर सर्जननं दर आठवड्याला सीआरपी आणि ईएसआर तपासायला सांगितलं. शरीरात कुठं सूज धुमसतेय का, ते सांगणारे हे दोन आकडे. सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस चढतो, मग उतरत जातो. ईएसआरला उतरायला जास्त वेळ लागतो. पण उतरलेला सीआरपी पुन्हा चढला, तर सांध्यात जंतू शिरलेत असं समजायचं आणि वेळ आली तर गुडघा परत उघडायचा. मास्तरांना हे तोंडपाठ होतं. आपलं रक्त ते आपणच काढत, लेक नळ्या लॅबमध्ये पोचवायची. चार आठवडे आकडे शहाण्यासारखे उतरले.

पाचव्या आठवड्यात गुडघा गरम लागला. पुन्हा ते टेबल, पुन्हा ते दिवे! मास्तरांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"जरा हात पुढं कर. तुझंही रक्त एकदा बघू या."

"अगं बाई! जगाचं रक्त काढून झालं, आज माझी आठवण झाली होय?" तिनं ओले हात पुसले आणि लगबगीनं खुर्चीत बसली. "बरं झालं बाई. हल्ली संध्याकाळी अंगात कणकण असते. म्हटलं, तुमच्या मागं धावून दमले असेन."

मास्तर नुसतं "हं" म्हणाले. नळ्या भरल्या, तिच्या कोपराच्या खळीत चिकटपट्टी लावली आणि नळ्यांवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ती पट्टी तिनं शेजारणीला कौतुकानं दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जनचा फोन आला. लेकीनं स्पीकर लावला.

"सीआरपी एकशे दहा, ईएसआर शंभराच्या वर. लगेच भरती करा. गुडघ्यातलं पाणी काढून बघू, बहुतेक उघडावाच लागेल."

दोघी बॅग भरायला धावल्या. बायको त्यांचे कपडे आणता आणता धापा टाकत पलंगावर टेकली. तिच्या मनगटावरचं घड्याळ घसरत पार कोपराकडं गेलं होतं. कालच त्या हाताला मास्तरांनी पट्टा बांधला होता, शीर शोधली होती. हात किती वाळलाय, ते काही दिसलं नव्हतं.

सांगायलाही लाज वाटते, पण त्या घटकेलाही या माणसानं विचार केला, की गुपचूप भरती व्हावं. तिथं पुन्हा रक्त काढतील, नशीब असेल तर काही निघणार नाही, लॅबची चूक म्हणून सुटेल. हिचं काय, आठ दिवसांनी बघू. मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"बॅग आईची भर," ते लेकीला म्हणाले. "ते रक्त तिचं आहे. नाव मी माझं लिहिलं. घाबरलो होतो."

लेकीनं बॅगेतले त्यांचे कपडे उपसून बाहेर टाकले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको आता विचारेल, मला काय झालंय, म्हणून ते उत्तर जुळवत होते.

तिनं ते विचारलंच नाही.

"म्हणजे काल तुम्ही माझं काही बघत नव्हता?"

तिनं बाही सारली आणि अजून जपून ठेवलेली ती चिकटपट्टी हळूच सोलून काढली.