सामन्याआधीची फेरी

मुलांनो, जिल्ह्याच्या स्मरणिकेत छापून आलंय की कबड्डीच्या सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना रेषांवरून फिरवण्याची पद्धत एका निरीक्षकांनी सुरू केली. स्मरणिका तुमच्यापर्यंत पोहोचेल आणि तुम्ही ते खरं मानाल, म्हणून आजच लिहिते. ती पद्धत माझी होती, आणि तिच्यासाठीच त्या गृहस्थांनी मला अडवलं.

१९९८पासून मी तालुक्याची पंच होते. आमच्या मुली कापणी झालेल्या शेतात खेळायच्या, तिथे बाहेरची एकच रेष असायची. खऱ्या मैदानात दोन्ही कडांना लॉबीचा पट्टा असतो. झटापट होण्याआधी त्यात पाय पडला की खेळाडू बाद. मुलींना हे ठाऊक नसे. म्हणून मी दोन्ही कर्णधारांना फिरवून सांगायची, "हयसर पाय पडलो तर बाद. अंगाक हात लागलो काय मगे मोकळा."

राज्याच्या पंचांमध्ये निवड व्हावी म्हणून विजयदुर्गात माझी पाहणी झाली. सकाळच्या सामन्यानंतर ओरोसहून, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले हेच निरीक्षक म्हणाले, "बाई, इथे शिकवणी नको. सगळे पंच सारखे दिसले पाहिजेत."

मला निवड हवी होती. दुपारच्या सामन्याआधी मी फेरी मारली नाही. एकाच संघाच्या तीन मुली लॉबीत पाय टाकून बाद झाल्या, संघ हरला. माझे तिन्ही निर्णय बरोबर होते. त्यांची कर्णधार, एका मासेवालीची मुलगी, जाताना म्हणाली, "बाई, सकाळच्यांका सांगितल्यात. आमकां कित्याक नाय?"

त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही. सारखेपणाच्या नावाखाली मी त्या दिवशी दोन संघांना दोन न्याय लावले होते.

दुसऱ्या दिवशी मी निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत पुन्हा फेरी मारली. अहवालात त्यांनी लिहिलं, 'निर्णय अचूक, पण स्वतःच्या मर्जीने वागतात.' निवड झाली ती संघाच्या गावाचं नाव बघून शिट्टी वाजवणाऱ्या एकाची. तो गप्प असायचा, म्हणून शिस्तीचा ठरला. त्यानंतर दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा तेच वाक्य पुढे आलं. २०१०मध्ये शिट्टी ठेवली तेव्हाही मी तालुक्याचीच पंच होते.

आता त्याच फेरीखाली त्या निरीक्षकांचं नाव आहे. मी स्मरणिकेच्या संपादकांना पत्र लिहिलंय, उत्तर आलेलं नाही.

आमच्या जामसंड्यात सामन्याआधी दोन्ही कर्णधार अजून पंचाबरोबर रेषांवरून चालतात.