झाकून ठेवलेले पान

लग्नकार्यात पाने मोजण्याचे काम नातेवाइकांनी माझ्याकडे सोपवले, त्याला वीसएक वर्षे झाली. जळगावला जिनिंग कारखान्यात मी कापसाच्या गाड्या वजन करून घेत असे, त्यामुळे माझा आकडा चुकत नाही असा सर्वांचा समज होता. पंगत बसली की ओळींतून फिरून माणसे मोजायची, चुलीकडे आकडा कळवायचा आणि सगळ्यांत शेवटी वाढप्यांबरोबर जेवायचे. तेव्हा माझ्यापुढे वाढलेले पान येई. पण एक गोष्ट मला टोचत असे. घरधनी प्रत्येकाच्या पानापाशी वाकून आग्रह करी. मला मात्र कोणी "बसा" म्हटल्याचे आठवत नाही.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या एक-दोन वर्षे आधी असोद्याला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचे लग्न झाले. चार पंगती उठल्या, तीनशे अठ्ठ्याऐंशी पाने झाली. मेव्हणा तुपाचे भांडे घेऊन फिरत होता. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "दाजी, पाचवीला किती?"

"एक्केचाळीस."

धरणगावकडचा आचारी हसला. "दाजी, तुम्हना आकडा म्हणजे दगडवरनी रेघ शे."

त्या एक्केचाळिसात मी आहे की नाही, हे दोघांनीही विचारले नाही. मनात आले, आज जेवायचेच नाही. बघू, कोणाच्या लक्षात येते. चपला घातल्या आणि मांडवातून बाहेर पडलो. वेशीपर्यंत दोनदा मागे वळून पाहिले. दोन कोस चालून जळगावला घरी आलो, दुरडीतल्या दोन भाकरी ठेच्याशी खाल्ल्या आणि आडवा झालो. दिवस मावळला तरी कोणी शोधत आले नाही. वाईट वाटायला हवे होते, पण खरे सांगतो, समाधान वाटले. माझे म्हणणे खरे ठरले होते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, बायको बैलगाडीने परतली. हातात फडक्यात बांधलेल्या बट्ट्या होत्या. दारातच तिने विचारले, "काल जेवलात का तुम्ही?"

"जेवलो. इथेच."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिथेच बसून, फडके सोडून कोरडी बट्टी मोडून खाऊ लागली. इतक्या वर्षांत तिला माझ्यासमोर असे घाईघाईने खाताना मी पाहिले नव्हते.

"तू तिकडे जेवली नाहीस?"

"तुमचं पान वाढून वर दुसरं झाकून ठेवलं होतं चुलीमागं, नेहमीसारखं. तुम्ही उठल्यावर मी बसते ना." तिने पाण्याचा घोट घेतला. "भाऊला विचारलं, तर म्हणे, दाजी मांडवाचे बांबू मोजत असतील. दिवस कलला तसा तो घाबरला, शोधायला निघाला. मग मीच सांगितलं, कारखान्यातून निरोप आला म्हणून गेले. पाव्हणा रुसून गेला असं चारचौघांत व्हायला नको."

"पण तू तरी जेवायचं होतंस."

"वहिनीला म्हटलं, जेवले. तुम्ही उपाशी गेलात, मला कसं गिळवणार?"

सोमवारी तिचा उपास होता. संध्याकाळी थोडेसे खाऊन ती भावाकडच्या कामाला लागली होती. त्यानंतरचा पहिला घास हा. मी तास मोजले. छत्तीसच्या वर गेले. इतकी वर्षे माझ्यापुढे येणारे पान कोण वाढून ठेवते, हे मी कधी विचारले नव्हते. आणि माझ्यानंतर जेवणारी ती माझ्या एकाही आकड्यात नव्हती, कालच्या एक्केचाळिसातही नाही.

"पण निघून का आलात?" तिने विचारले.

"पोट बरं नव्हतं."

तिने रिकाम्या दुरडीकडे पाहिले, शेजारच्या ठेच्याच्या वाटीकडे पाहिले. खरे सांगण्याची तीच वेळ होती. मी ती जाऊ दिली, आणि अजूनही सांगितलेले नाही.

नंतर चार दिवस तिने मला मऊ भात आणि ताक यांशिवाय काही दिले नाही. मी मुकाट्याने खात असे. पान उचलताना रोज ती विचारी, "आता बरं आहे का पोट?" आणि मग माझ्यामागून जेवायला बसे.